जेवणाच्या सुट्टीत गेलेलं इंजिन

१

शांतमेर्ल गावच्या शेडमधून फिलोमीन नाहीशी झाली ती गुरुवारी, दोन जुलै एकोणीसशे त्रेपन्नला, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. म्हणजे ज्या वेळात फ्रान्सच्या आमच्या कोरेझ भागात कुत्रंसुद्धा जेवणाच्या टेबलाखाली असतं, रस्त्यावर नसतं, त्या वेळात.

फिलोमीन हे आमच्या छोट्या गाडीचं शेवटचं इंजिन. रिकामं असताना वजन चौदा टन. मीटरभर रुंदीच्या रुळांवरून एकतीस किलोमीटर खाली व्होरेलच्या बाजाराला जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं, हे काम तिनं एकोणीसशे अकरापासून केलं. त्या वर्षी जूनमध्ये लाइन बंद झाली. त्याआधीच गावाच्या वरच्या अंगाचे रूळ उखडले गेले होते. भंगारवाले लाकोंब यांनी सगळं विकत घेतलं होतं आणि सोमवारी सकाळी दहाला ते फिलोमीनचे तुकडे करायला येणार होते. तोवर पहारा द्यायला त्यांनी शहरातून प्रादेल नावाचा माणूस पाठवला. तो इतका इमानी की रात्री इंजिनातच झोपायचा.

मी गावच्या शाळेची शिक्षिका आणि पंचायतीची चिटणीसही. लहान गावात दोन्ही कामं एकाच बाईच्या गळ्यात असतात. गुरुवारी शाळेला सुट्टी, म्हणून मेयर शास्तां यांनी मला नकाशे आणायला व्होरेलला पाठवलं होतं. पाचच्या बसनं परतले, तर अर्धं गाव शेडसमोर. प्रादेल पायरीवर किल्ली हातात धरून बसला होता.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "कुलूप लावून जेवायला गेलो. दोनला आलो, तर कुलूप जसंच्या तसं. मीच उघडलं. आत बघतो तर कबुतरं."

मी आत डोकावले. जमिनीवर तेलाचे डाग, रुळांचे दोन पट्टे आणि खरंच कबुतरं. बाकी काही नाही.

"धूर? शिटी?"

"कसला धूर? तीन आठवडे आग पेटलेली नाही. बॉयलर कोरडा आहे."

वरच्या बाजूला रूळच नाहीत, म्हणजे इंजिन गेलं तर खालीच गेलं असणार. पण शेडपासून पाचव्या किलोमीटरवर अंतोनिया फोजेराचं फाटक आहे. अकरा ते तीन ती दारात बसून मटार सोलत होती, आणि तिच्यासमोरून एक ससासुद्धा गेला नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं होतं. मधल्या पाच किलोमीटरांत ना पूल ना बोगदा. नुसती चेस्टनटची झाडी आणि कुरणं.

मेयरसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "प्रीफेक्चरच्या जिल्हा कचेरीत फोन केलाय. उद्या साहेब येतील. बाई, जबान्या लिहून घ्यायला तुम्ही असालच."

तेवढ्यात प्रादेल उठला. "जबान्या कशाला पाहिजेत? हे इंजिन हलवता येईल असा माणूस गावात एकच आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतीला टेकून मार्सेलँ व्हियाल पाइप ओढत उभा होता. बत्तीस वर्षं फिलोमीन चालवलेला ड्रायव्हर. पाइप विझला होता, तरी ओढत राहिला.

घरी आले तर खिडकीत ताटलीखाली बटाट्याच्या पातेचा तुकडा ठेवलेला. मैद्याच्या दोन पोळ्यांमध्ये बटाटा आणि साय भरून भाजतात तो. कुणी ठेवला कळलं नाही. गार होता, पण मला भूक होती.

२

प्रीफेक्चरच्या रेल्वे खात्याचे इन्स्पेक्टर ओदिलों ब्रिसाक शुक्रवारी आठला आले. काडीसारखा माणूस, पण खाण्याचा जबरदस्त शौकीन. शेडकडे जाता जाता त्यांनी मला विचारलं, "लेओनी बेसूच्या खानावळीत ट्राउट मासे अजून लोण्यातच तळतात ना?"

शेडचं कुलूप त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं. मग दाराच्या बिजागऱ्यांशी वाकले. चाळीस वर्षांच्या काळ्या बिजागऱ्या, पण त्यांच्या खिळी चकचकीत.

"कोळ्यांची जाळी बघा. वरपासून खालपर्यंत आहेत, बिजागऱ्यांवर मात्र नाहीत. कुलूप कुणी उघडलंच नाही, बाई. दारंच उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा बसवली. एका दाराला किती माणसं लागतील?"

"सहा?"

"सहा दणकट. दोन दारांना बारा. लिहून घ्या. चोर एकटा नाही."

प्रादेलचा चेहरा उजळला. इंजिन गेलं ते गेलंच, पण निदान भुताटकी तरी नव्हती.

पहिली जबानी त्याचीच. बारा वाजता तो खानावळीत गेला. सूप, ट्राउट, मशरूम घातलेलं वासराचं मटण, चीज, चेरी घालून भाजलेला क्लाफूती केक. मग मनुकांची दारू, "घरची आहे, नाही म्हणू नका" म्हणून. मग खुर्चीतच डोळा लागला.

लेओनी बेसू हात पुसत आली. पन्नाशीची, गोल, आणि कुणाला भीक घालणारी नव्हे.

"रोज त्याला एवढं वाढता?" साहेबांनी विचारलं.

"पाहुण्याला पोटभर वाढणं आता गुन्हा झाला का?"

"मुळीच नाही. दुसरं कोण जेवायला होतं?"

"कोणी नाही. गुरुवार. आपापल्या घरी जेवतात."

"आणि तुम्ही काय जेवलात?"

लेओनीनं हात पुन्हा पुसले. "मी? पाते. बटाट्याचा."

"एवढा स्वयंपाक हाताशी असताना?"

"वाढणाऱ्याला त्याच अन्नाचा कंटाळा येतो, साहेब. तुम्ही कधी वाढलेलं दिसत नाही."

साहेब हसले आणि मला म्हणाले, "हेही लिहा."

मार्सेलँ व्हियाल दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला. बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेवर बसला.

"बत्तीस वर्षं?" साहेब म्हणाले.

"ड्रायव्हर म्हणून बत्तीस. त्याआधी नऊ वर्षं पुसायला होतो. चौदाव्या वर्षी तिची चाकं पुसायला लागलो." बोलायला लागल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. "चौदा साली याच गाडीनं पोरं लढाईला गेली. एका फेरीत सत्तावन्न. परत आणलेले मी मोजले नाहीत. मागच्या लढाईत कोळसा नव्हता, तेव्हा चेस्टनटची लाकडं घालून चालवली. लाकूड ओलं असलं की रोशब्रुनच्या चढावर ती दमायची, मग सगळे उतरून ढकलायचे. पाद्रीबाबासुद्धा. लग्न होऊन या गावात आलेली प्रत्येक मुलगी हिच्यातनंच आली. माझी बायकोही. मी पुढे चालवत होतो आणि ती मागे वऱ्हाडात बसलेली. माझ्याच लग्नाला मी काळ्या तोंडानं पोचलो."

साहेब त्याच्याकडे टक लावून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आग नसताना ती चालते?"

"चालत नाही. पण इथनं खाली उतार आहे. ब्रेक सोडला की घरंगळते." मग त्याला राहवलं नाही. "घरंगळवणं सोपं आहे, साहेब. हवं तिथं थांबवायला मात्र हात लागतो."

मी लेखणी थांबवली. साहेबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"काल दुपारी कुठे होतात?"

"घरी. जेवत होतो."

"काय?"

"बटाट्याचा पाते."

"गरम?"

"गार."

तो गेल्यावर साहेब खिडकीशी उभे राहिले. "सोमवारी दहापर्यंत इंजिन मिळालं नाही, तर मला या माणसाचं नाव पोलिसांना द्यावं लागेल. बसवर ड्रायव्हर म्हणून त्याला घ्यायचं ठरलंय, ते तर जाईलच. तुरुंगाचंही नाकारता येत नाही. मला ते आवडणार नाही, बाई."

मलाही आवडणार नव्हतं. तीन वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या खाणींच्या मुलखातून मी इथे आले, तेव्हा माझी पेटी स्टेशनवरून शाळेपर्यंत याच माणसानं न सांगता उचलून आणली होती.

मेयरसाहेबांची जबानी शेवटी झाली. तीही लहानशी. घरी होतो, जेवत होतो. काय जेवलात म्हणून विचारल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "पाते."

३

खाली फाटकापर्यंत आम्ही रुळांतूनच चालत गेलो. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. सगळा जून भिजत गेला होता, त्यामुळे कुरणांतलं गवत कंबरेइतकं उंच, अजून कापणी झालेली नव्हती. रूळ तांबडे पडले होते. साहेब मान खाली घालून चालत होते.

"चाक गेलं की गंज निघतो आणि मधोमध पांढरी रेघ उमटते," ते म्हणाले. "इथे रेघ नाही."

"म्हणजे ती या बाजूला आलीच नाही?"

"मग कुठे गेली? आकाशात?"

अंतोनिया फोजेरा सत्तरीची विधवा. फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत राहायची. लाइन बंद झाली तरी फाटकाचा दांडा ती रोज पुसायची.

"काल मी अकरा ते तीन इथेच होते," तिनं सांगितलं. "मधे फक्त आम्लेट करायला आत गेले. पण दार उघडंच होतं आणि माझे कान शाबूत आहेत."

"गरम आम्लेट?" साहेबांनी विचारलं.

"गार आम्लेट कोण खातं?"

"फिलोमीन गेली असती तर कळलं असतं?"

"साहेब, तिच्या आवाजावर माझी चार मुलं झोपायला शिकली. गेली नाही म्हणजे नाही. क्रुसावर हात ठेवून सांगते." तिनं खरंच ठेवला. मग आम्हाला चेरी दिल्या आणि बिया अंगणात थुंकू नका म्हणून बजावलं.

परत चढ चढताना साहेब काठीनं रुळांतली खडी उकरत होते. अर्ध्या तासानं अचानक म्हणाले, "बाई, काल रात्री तुम्ही काय जेवलात?"

"मी? कुणीतरी खिडकीत पाते ठेवला होता."

ते थांबले. "बटाट्याचा. गार."

"हो."

"मी या भागात वाढलो नाही, म्हणून विचारतो. हा पाते लोक कधी करतात?"

"रविवारी. पावाची सामाईक भट्टी शनिवारी पेटते तेव्हा भाजून ठेवतात." बोलता बोलता माझं मला जाणवलं. "पण या आठवड्यात भट्टी बुधवारी पेटली होती. शाळेतून धूर दिसत होता. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न असेल."

"लग्न नव्हतं. बुधवारी अख्ख्या गावानं पाते भाजला, कारण गुरुवारी दुपारी एकाही घरात चूल पेटणार नव्हती. घरी कुणी असणारच नव्हतं. हातात धरून उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी लागणार होतं. आणि फोजेराबाईंनी मात्र गरम आम्लेट खाल्लं. कारण त्या खरोखर घरी होत्या. त्यांची साक्ष खरी आहे. इंजिन फाटकापर्यंत आलंच नाही."

अख्खं गाव. म्हणजे माझ्या वर्गातली पोरंही, त्यांच्या आयाही. आणि मी व्होरेलला नकाशे विकत घेत होते.

साहेबांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, खाली बसून रूळ पुसला आणि मला दाखवला. कोरडी तपकिरी पूड. पन्नास पावलं वर जाऊन पुन्हा पुसला. पुन्हा पूड. चौथ्या वेळी पुसला तेव्हा रुमालावर ओला, लालभडक पट्टा आला, आणि खालून रूळ चांदीसारखा चमकला.

"माती," ते म्हणाले. "लाल चिकणमाती. चाकांची चमक झाकायला कुणीतरी तीन किलोमीटर रूळ मातीनं सारवलेत. फार कष्टाळू माणसं आहेत तुमची, बाई. फक्त जिथे गरज संपली तिथे सारवणंही थांबवलं. आता सांगा, माती कुठे संपते?"

मी आजूबाजूला पाहिलं. डावीकडे मेयर शास्तां यांचं कुरण होतं.

४

कुरणात उंच गवत वाऱ्यावर डुलत होतं. रुळांपासून चाळीस पावलांवर गवताची मोठी थोरली गंजी उभी होती, घराएवढी, वर व्यवस्थित निमुळती केलेली.

"छान रचलीय," मी म्हणाले. मला शेतीतलं काही कळत नाही.

"अप्रतिम," साहेब म्हणाले. "पण इथलं गवत तर अजून उभं आहे. गावात कुणाचीच कापणी झालेली नाही. मग ही गंजी कशाची?"

त्यांनी मूठभर उपसून माझ्या हातात दिलं. जुनाट, पिवळं, धुळीचा वास येणारं. गेल्या साली कोठारात रचलेलं. साहेबांनी काठी गवतात खुपसली. आतून टण्ण आवाज आला.

ते गवतावर खाली बसले आणि बूट काढले. बराच वेळ हसत होते. मी बसले नाही. उंच गवतात पायानं चाचपलं, तर खाली रूळ लागले. लढाईच्या काळात लाकूड भरायला शास्तांच्या लाकूड-कारखान्यानं टाकलेला चाळीस मीटरचा फाटा. मुख्य लाइनीशी जोडणारा तुकडा कधीच काढला होता, त्यामुळे तो कुठल्या नकाशावर नव्हता. मुख्य रुळांची टोकं पहारींनी तेवढी सरकवायची, इंजिन आत घ्यायचं, टोकं परत सरकवायची. साठसत्तर माणसं असली की तासाचं काम.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना पंचायतीच्या खोलीत बोलावलं. लोक खिडक्यांतही बसले होते. त्यांनी बिजागऱ्या, पाते, माती, गवत असं एकेक करून सांगितलं. शेवटी मार्सेलँ उठला.

"मी एकट्यानं केलं."

"दोन्ही दारंही एकट्यानं उचललीत?" साहेबांनी विचारलं. "आणि गंजीही? आणि त्याच वेळात घरी बसून पातेही खाल्लात?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोलीच हसायला लागली. मार्सेलँही.

मला मात्र हसू येईना. मी जबान्यांची वही मिटली. "मला कुणीच का सांगितलं नाही?"

मेयरसाहेब टोपी गरागरा फिरवू लागले. शेवटी लेओनी बेसू म्हणाली, "सांगून काय केलं असतंत? जबान्या तुम्ही लिहिणार, खाली सही तुमची. खोटं लिहायला लागलं असतं. तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे, बाई. कान लाल झाले असते आणि साहेबांना पाच मिनिटांत कळलं असतं."

"आणि चौकशीत तुमची नोकरी गेली असती," मेयर म्हणाले. "म्हणून मुद्दाम नकाशांना पाठवलं. नकाशे काही लागत नव्हते."

"पाते मी ठेवला," मार्सेलँची बायको मागून म्हणाली. "वाईट वाटत होतं, म्हणून."

माझे कान तेव्हा लाल झाले असणार. मी वही पुन्हा उघडली.

साहेबांनी घसा खाकरला. "कारण मला कळतं. पण लाकोंब यांनी माल घेतलाय. सोमवारी मला तो त्यांच्या हवाली करावाच लागेल. मार्सेलँ, तुम्हाला काही होणार नाही एवढं मी बघतो. इंजिन मात्र जाईल."

एका बाईनं डोळ्याला पदरासारखा एप्रन लावला. साहेबांनी कराराची प्रत माझ्यापुढे सरकवली. "नोंद करा, बाई. कुठला माल, ते करारातल्याच शब्दांत लिहा."

मी मोठ्यानं वाचू लागले. "व्होरेल ते शांतमेर्ल लाइनीवरील रूळ, किलोमीटर शून्य ते एकतीस. सिग्नलचे खांब, नग नऊ. शांतमेर्ल येथील निरुपयोगी लोखंड, वजन चौदा टन." पान उलटलं. पुढे सह्या होत्या.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी मनात.

"साहेब, यात इंजिन कुठे आहे?"

"तेच ते. निरुपयोगी लोखंड."

"तिचं नाव नाही. नंबर नाही. इंजिन हा शब्दसुद्धा नाही. हा मजकूर लिहिला कुणी?"

साहेब कसनुसे झाले. "मीच. शुक्रवार होता, जेवणाची वेळ झाली होती."

"म्हणजे लाकोंब यांना शांतमेर्लमधून चौदा टन निरुपयोगी लोखंड मिळालं, की करार पुरा झाला. कुठलं लोखंड, ते लिहिलेलं नाही."

मेयरसाहेबांनी करार ओढून घेऊन स्वतः वाचला. मग लेओनी बेसू म्हणाली, "माझ्या परसात एक फुटका स्टोव्ह आहे."

५

शनिवारी आणि रविवारी शांतमेर्लनं जे केलं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. चर्चसमोर वासरं तोलायचा सरकारी काटा आहे. तिथे मी फळा घेऊन बसले. पहिल्या बैलगाडीत तीन मोडके नांगर आले. मग पलंगांचे सांगाडे, दारांचे अडसर, घोड्यांचे नाल गोणीत भरून, काटेरी तारांची भेंडोळी, एक जर्मन ट्रकचा सांगाडा ज्याच्यात नऊ वर्षं कोंबड्या राहत होत्या. पडक्या गिरणीची लोखंडी चाकं आणायला तांबड्या बैलांच्या चार जोड्या लागल्या. ती एकटीच साडेतीन टन भरली. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर रोशब्रुनचे लोक आले, खालच्या वाड्यांतले आले. गाडी त्यांचीही होती. पाद्रीबाबांनी चर्चची जुनी शेगडी दिली. मी शाळेचा स्टोव्ह दिला, जो तीन हिवाळे आम्हा सगळ्यांना रडवत होता. पोरांनी तो काट्यावर चढताना टाळ्या वाजवल्या. शेवटी प्रादेलही एक पहार खांद्यावर टाकून आला. "मला पहारा करायला सांगितलंय," तो म्हणाला, "काय जमा करायचं नाही, ते सांगितलेलं नाही."

सोमवारी लाकोंब आले. जाडजूड, घाईतला, पण सरळ माणूस. त्यांनी ढीग पाहिला, करार वाचला, परत ढीग पाहिला.

"इंजिन कापायला मला दोन माणसं आठ दिवस लावावी लागणार होती," ते म्हणाले. "हे तर कापलेलंच आहे. मला चालेल. पण चौदा म्हणजे चौदा. एक किलो कमी चालणार नाही."

मी फळ्यावरची बेरीज केली. दुसऱ्यांदा केली. सत्तर किलो कमी भरत होतं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावात द्यायला आता एक खिळासुद्धा उरला नव्हता. मेयरसाहेबांच्या घराचं नक्षीदार फाटक मात्र काट्यावरून समोरच दिसत होतं. चार पिढ्यांचं, त्यांच्या पणजोबांनी घडवून घेतलेलं. मेयरसाहेबांनी त्याच्याकडे पाठ केली आणि आकाशात काहीतरी पाहू लागले.

"तेओद्यूल," त्यांच्या बायकोनं त्यांना हाक मारली.

"ते निरुपयोगी नाही."

"चाळीस वर्षं उघडत नाही. आपण मागच्या दारानं येतो-जातो." आणि पाना घेऊन ती गेलीसुद्धा.

फाटक ब्याऐंशी किलो भरलं. लाकोंब यांनी सही केली, आणि वरचे बारा किलो इंजिनाच्या तब्येतीसाठी, असं म्हणाले. ब्रिसाक साहेबांच्या अहवालात एवढंच आलं: करारातील माल पूर्ण वजनाने मिळाला, तक्रार राहिली नाही. अक्षर माझं, सही त्यांची, आणि एक शब्द खोटा नाही. मार्सेलँला बसची नोकरी मिळाली. बस खड्ड्यातून गेली की तो अजून फिलोमीनच्या ब्रेकच्या जागी हात घालतो.

चौदा जुलैला गंजी उतरवली. मार्सेलँनं पहाटे आग पेटवली, आणि दहाच्या सुमाराला फिलोमीननं शिटी दिली तेव्हा कुरणातल्या गाई पळत सुटल्या आणि लहान पोरं त्यांच्यामागे. मागे एक बाकांचा डबा जोडला होता. लाइन आता चाळीस मीटरची. इकडून तिकडे चाळीस आणि परत चाळीस. पण रांग कुरणाच्या बाहेर गेली होती. ब्रिसाक साहेब बायकोला घेऊन आले होते आणि तिसऱ्यांदा रांगेत उभे होते.

दुपारी फोजेराबाई आल्या. काळा रविवारचा पोशाख, डोक्यावर टोपी, हातात पाकीट. मी म्हटलं, "तुम्ही तर रोजच्या प्रवासी असाल."

"मी? मी कधीच बसले नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"कशी बसणार?" त्या म्हणाल्या. "बाराव्या सालापासून फाटक माझ्याकडे. गाडी यायची तेव्हा मला दांडा पाडायला तिथे असावंच लागायचं. एकेचाळीस वर्षं हिला पुढे जाताना पाहिली."

मी त्यांचा हात धरला. पायरी उंच होती. मार्सेलँ स्वतः खाली उतरला आणि त्यांना वर घेतलं. खिडकीच्या बाकावर त्या पाकीट मांडीवर ठेवून ताठ बसल्या. गाडी हलली. कुरण हलू लागलं, झाडं हलू लागली, आणि बाजूला उभी असलेली माणसं हात हलवत मागे मागे जाऊ लागली. फोजेराबाई ती माणसं बघत होत्या.

चाळीस मीटर संपले. गाडी थांबली. रांगेतल्या पुढच्या माणसानं पायरीवर पाय ठेवला.

"तुम्ही थांबा," फोजेराबाई त्याला म्हणाल्या. "मी अजून उतरणार नाही."

आणि त्या संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत.